इंटरफेरॉन : हे इंजेक्शन आता कुणी घेतं का?

उंबरठा
मंडळी, मदत हवी आहे. धाकट्या भावाला (वय २९) क्रॉनिक (दीर्घकाळ टिकणारा) हिपॅटायटिस बी निघालाय. रक्तदान करायला गेला होता, आठवड्याभराने रक्तपेढीतून फोन आला की जरा येऊन भेटा. त्याला ना कधी कावीळ झाली, ना कधी पोट दुखलं. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासण्या झाल्या. ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह, एसजीपीटी (लिव्हरच्या सुजेचा आकडा) दोन्ही वेळा नॉर्मलच्या तिप्पट-चौपट, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) भरपूर. फायब्रोस्कॅनवर (लिव्हर किती कडक झालंय ते पाहणारी तपासणी) सिऱ्हॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी घट्ट होणं, दिसत नाही, तेवढंच काय ते बरं.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे पेगिलेटेड इंटरफेरॉन (थोडक्यात पेग, शरीरात जास्त दिवस टिकणारं). आठवड्याला एक इंजेक्शन, असे ४८ आठवडे, मग थांबायचं. दुसरा, टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोज एक गोळी, आणि ती कधी बंद होईल ते आज सांगता येत नाही. भाऊ म्हणतो, "ताई, एक वर्ष काय ते सोसतो आणि मोकळा होतो. जन्मभर गोळी कोण घेत बसणार?" मी इकडेतिकडे वाचलं तर जो तो म्हणतोय इंटरफेरॉन कालबाह्य झालं. मग डॉक्टर सुचवतात तरी का? पंधरा दिवसांत निर्णय कळवायचाय. ज्यांनी हे स्वतः भोगलंय किंवा घरात पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

वाचनमात्र
टंकाळा आलाय म्हणून नुसती हजेरी. वाचतोय.

जुना खेळाडू
ताई, भावाला सांगा, पळ!

मी २००४ साली घेतलं. हिपॅटायटिस सी, जीनोटाइप (म्हणजे विषाणूचा उपप्रकार) १. आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या कॅप्सूल, ४८ आठवडे. शुक्रवारी रात्री टोचून घ्यायचो, म्हणजे शनिवार-रविवार पडून राहता येईल. चारेक तासांनी हुडहुडी सुरू व्हायची. अंगावर दोन रजया आणि तरी दातांवर दात. पहाटे घामाने उशी ओली. सोमवारी माणसांत यायचो, गुरुवारी जरा बरं वाटायचं की परत शुक्रवार.

सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १४ वरून ९.८ वर आलं. ते रिबाव्हिरिनमुळे, पण अनुभवणाऱ्याला काय फरक पडतो? दुसऱ्या मजल्यावर घर. पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभा राहायचो आणि कुणी आलं की फोनवर बोलतोय असं दाखवायचो. कंगव्यात केस यायला लागले तेव्हा कंगवाच बंद केला.

४८व्या आठवड्याला रिपोर्ट निगेटिव्ह. काय आनंद झाला म्हणून सांगू! सहा महिन्यांनी परत तपासलं, व्हायरस हजर. याला रिलॅप्स म्हणतात हे मला तेव्हा कळलं. २०१६ मध्ये १२ आठवडे गोळ्या घेतल्या, सोफोस्बुव्हिर आणि जोडीला दुसरं एक औषध. काहीच त्रास नाही. इतकं काहीच झालं नाही की गोळ्या खऱ्या आहेत ना अशी शंका यायला लागली. तेव्हापासून आजतागायत निगेटिव्ह. एक अख्खं वर्ष मी उगाच जाळलं. बाकी तुमची मर्जी.

काडेपेटी
खेळाडूंशी सहमत. इंटरफेरॉन म्हणजे शिळी कढी, धागा बंद करा.

रेणूसूत्र
काडेपेटी, एवढ्यात बंद नका करू. खेळाडूदादांचा अनुभव शंभर टक्के खरा, पण तो सीचा आहे आणि प्रश्न बीचा. दोन्ही लिव्हरला धरतात आणि नावात हिपॅटायटिस आहे, त्यापलीकडे हे दोन विषाणू एकमेकांच्या नात्यातले नाहीत.

सी हा आरएनए विषाणू. पेशीच्या मुख्य दप्तरात, म्हणजे केंद्रकात, तो शिरतच नाही. त्याची नक्कल काढायची यंत्रणा काही आठवडे बंद पाडली की मागे काही उरत नाही, रोगी बरा होतो. नव्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक बरे होतात, म्हणून सीपुरतं इंटरफेरॉन खरंच गेलं. त्याबद्दल कुणी अश्रू ढाळू नयेत.

बीचं तसं नाही. तो केंद्रकात जाऊन आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून ठेवतो, त्याला सीसीसीडीएनए म्हणतात. समजा तिजोरीत मूळ दस्त आणि बाहेर झेरॉक्सचं मशीन. टेनोफोव्हिर आणि एन्टेकॅव्हिर मशीन बंद ठेवतात, फार छान ठेवतात, पण तिजोरीला हात लावत नाहीत. गोळी सोडली की बहुतेकांच्या बाबतीत मशीन पुन्हा घरघरायला लागतं. "कधी थांबेल सांगता येत नाही" हे तुमचे डॉक्टर म्हणतात ते त्यामुळे.

इंटरफेरॉन विषाणूवर थेट काहीच करत नाही. तो आपल्याच शरीराचा धोक्याचा भोंगा आहे. पेशीच्या बाहेरच्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) ते चिकटतं, आत जेएके१ आणि टीवायके२ ही विकरं (एन्झाइम) जागी होतात, ती स्टॅट१ आणि स्टॅट२ नावाच्या निरोप्यांना केंद्रकात धाडतात, आणि तिथे शेकडो जनुकं एकदम चालू होतात. एक प्रथिन पेशीतलं प्रथिनांचं उत्पादनच रोखतं, दुसरं आरएनए कापणाऱ्या विकराला उठवतं. जोडीला प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेव येतो आणि त्या बाधित पेशींवर तुटून पडतात. फ्लू झाल्यावर अंग मोडतं, थंडी वाजते, त्याला बऱ्याच अंशी हेच रसायन जबाबदार असतं. खेळाडूदादांना दर शुक्रवारी फ्लूशिवाय फ्लू होत होता.

जुना खेळाडू
फ्लूशिवाय फ्लू! हे मला २००४ मध्ये कुणी सांगितलं असतं तर निदान हसलो असतो. बी-सीच्या गफलतीबद्दल कान पकडतो.

काडेपेटी
अवांतर : या इंटरफेरॉनला मराठी शब्द काय? इंटरफिअर म्हणजे ढवळाढवळ ना? मग 'ढवळीन'?

वाचनमात्र
लुडबुडीन.

जुनी पाने
लुडबुडीन __/\__

पण नावामागची गोष्ट खरंच लुडबुडीची आहे. एका विषाणूची लागण झालेल्या पेशींना दुसऱ्या विषाणूची लागण सहजासहजी होत नाही, याला विषाणूंची इंटरफिअरन्स म्हणत. १९५७ साली लंडनच्या मिल हिलमधल्या संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ठेवले. नंतर ते द्रव ताज्या तुकड्यांवर घातलं, तर त्या तुकड्यांनी जिवंत विषाणूलाही दाद दिली नाही. म्हणजे पेशींनीच काहीतरी सोडलं होतं. त्या 'काहीतरी'ला नाव दिलं इंटरफेरॉन. ऐकायला इलेक्ट्रॉन-न्यूट्रॉनच्या भावकीतलं वाटतं खरं. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी तीन वर्षं आधी, १९५४ मध्ये, अशाच एका घटकाबद्दल लिहिलं होतं, पण बारसं लंडनला झालं.

पुढची वीसेक वर्षं हे औषध म्हणजे दुर्मीळ चीज. हेलसिंकीत कारी कँटेल हा माणूस रक्तदानातून आलेल्या पांढऱ्या पेशी गोळा करायचा, त्यांना सेंडाई विषाणूने डिवचायचा आणि त्यांनी सोडलेलं इंटरफेरॉन गाळून घ्यायचा. पिंपभर रक्तामागे चिमूटभर माल, आणि तोही पूर्ण शुद्ध नाही. तरी त्यावरच १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी क्रॉनिक हिपॅटायटिस बीच्या मोजक्या रुग्णांत विषाणूच्या खुणा कमी होतात हे दाखवलं. १९८० मध्ये झुरिकच्या चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने इंटरफेरॉनचं जनुक जिवाणूत बसवलं आणि मग कुठे हवं तेवढं मिळायला लागलं.

मला सगळ्यात आवडणारा किस्सा १९८६चा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत जे हूफनॅगल यांनी 'नॉन-ए नॉन-बी' कावीळ असलेल्या दहा जणांना इंटरफेरॉन दिलं आणि आठ जणांचं एसजीपीटी भराभर खाली आलं. गंमत अशी की तेव्हा सीचा विषाणू कुणी पाहिलाच नव्हता! तो सापडला १९८९ मध्ये. चोर कोण ते कळायच्या आधी शिट्टी वाजवली आणि चोर पळाला.

शंकासुर
सुंदर प्रतिसाद. पण रेणूसूत्र, एक मूलभूत शंका. भोंगा शरीराचाच आहे म्हणता, तर ज्यांना वर्षानुवर्षं विषाणू आहे त्यांचा तो आपोआप का वाजत नाही? आणि वाजत असेल तर बाहेरून आणखी टोचून काय उपयोग?

रेणूसूत्र
मला आठवडाभर कुणीतरी हे विचारावं असं वाटत होतं.

बी आणि सी इथे अगदी उलट वागतात. बी चोरपावलांनी येतो. पेशीत शिरतो, दस्त तिजोरीत ठेवतो, आणि भोंग्याला पत्ताच नसतो. सी आला की भोंगा वाजतो, मात्र सी त्याची तार कापतो. त्याचं एक विकर (प्रोटिएज) निरोप पोचवणारं प्रथिन तोडतं. तरी आजूबाजूच्या पेशी कोकलतच राहतात, आणि काही लोकांच्या लिव्हरमध्ये हा गलका वर्षानुवर्षं चालतो. त्यांना बाहेरून इंटरफेरॉन दिलं तर फारसा उपयोग होत नाही. सतत भोंगा ऐकून पेशींचे कान बसलेले असतात. ज्यांच्या लिव्हरमध्ये आधी शांतता असते त्यांना उलट चांगला गुण येतो. मोठी कोड्यात टाकणारी गोष्ट होती ही.

२००९ मध्ये त्यातला एक धागा सापडला. आयएल२८बी नावाच्या जनुकाशेजारी एका अक्षराचा फरक असतो. ज्यांच्याकडे दोन्ही प्रती डीएनएतल्या 'सी' अक्षराच्या, ते जीनोटाइप १ मध्ये इंटरफेरॉनने बरे होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट किंवा जास्त. खेळाडूदादा, तुमच्या रिलॅप्समागे हेही असू शकेल. तुमचं काही चुकलं नव्हतं.

जुना खेळाडू
त्या वर्षी एक इंजेक्शन दोन दिवस उशिरा घेतलं होतं. इतकी वर्षं मी ते मनात धरून होतो.

मुळावर घाव
एवढं विष टोचून घेण्यापेक्षा भुईआवळी का नाही घेत? लिव्हरवर रामबाण. साइड इफेक्ट शून्य. पण हे सांगितलं की इथले विज्ञानवादी चवताळतात.

रेणूसूत्र
चवताळत नाही, उत्तर देतो. भुईआवळीकडे विज्ञानाने पाहिलंच नाही असं नाही. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिच्यावरचा अभ्यास छापून आला, आणि लेखकांत बीचा विषाणू शोधून नोबेल मिळवणारे बारूक ब्लमबर्ग होते. निकाल आशादायक होता. पुढे इतरांनी तेच करून पाहिलं तेव्हा मात्र तो गुण दिसला नाही. इतकं साधं आहे. आणि 'साइड इफेक्ट शून्य' हे कुठल्याच वनस्पतीबद्दल म्हणू नका. काही काढ्या-चूर्णांनी चांगलं लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत, इथे तर आधीच सूज आहे.

मुळावर घाव
ठीक. ब्लमबर्गचं माहीत नव्हतं.

सांजवात
उंबरठा, मी घरात पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते. नवऱ्याला बी होता, ई-अँटिजेन पॉझिटिव्ह, तुमच्या भावासारखाच. त्याने ४८ आठवडे पूर्ण केले.

तापाचं फार काही नाही. पहिल्या दोन-तीन इंजेक्शनांना आला, नंतर कमी होत गेला. मला कुणी सांगितलं नव्हतं ते स्वभावाचं. हा माणूस आवाज चढवून बोलत नाही. चौदाव्या आठवड्यात एका सकाळी कपाटाची किल्ली सापडेना. त्याने ड्रॉवर ओढून काढला, जमिनीवर उपडा केला, आणि त्या पसाऱ्यात बसून अर्धा तास रडला. किल्ली त्याच्या खिशात होती. रात्री म्हणाला, "मला कळतं की मी असा नाही. पण आत कुणीतरी दुसराच बसलाय आणि तो माझ्या तोंडून बोलतो."

त्या दिवसापासून मी वही घातली. रोजच्या तीन नोंदी : झोप किती, जेवला किती, चिडचिड दहापैकी किती. चिडचिडीचा आकडा मी लिहायचे, त्याला दाखवत नसे. सतराव्या आठवड्यापर्यंत झोप तीन तासांवर आली. वही घेऊन लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पाच मिनिटं चाळली आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. गोळी सुरू झाली, तीन आठवड्यांत फरक पडला, आणि इंजेक्शनं बंद करावी लागली नाहीत. आधीच्या भेटींत डॉक्टर विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि हा म्हणायचा, "ठीक." वही नसती तर तसंच चाललं असतं.

फळ मिळालं का? हो. ४०व्या आठवड्यात ई-अँटिजेन गेलं, त्याविरुद्धची अँटिबॉडी आली. याला सहा वर्षं झाली, एकही औषध नाही, एसजीपीटी नॉर्मल, दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी. पृष्ठ-अँटिजेन (एचबीएसएजी, विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन) अजून आहे, म्हणजे पूर्ण बरा नाही. परत घेशील का विचारलं तर तो हो म्हणतो. मी गप्प बसते.

काडेपेटी
हा प्रतिसाद वाचून काडी विझली. शिळी कढी हा शब्द मागे घेतो.

सुईदोरा
नर्स आहे, बरीच वर्षं हे इंजेक्शन दिलं आणि लोकांना स्वतः घ्यायला शिकवलं. सांजवातताईंची वही सगळ्यांनी उचलावी अशी आहे. मी आता पेशंटला सांगते की घरातलं एक माणूस सोबत आणा, कारण मूड बिघडल्याचं पेशंटला शेवटी कळतं.

बाकी व्यवहाराचं. पेगचा नेहमीचा डोस १८० मायक्रोग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, दर वेळी जागा बदलून. फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, आणि हलवायचं नाही. टोचण्याआधी जरा बाहेर काढून ठेवलं तर चुरचुर कमी होते. झोपायच्या आधी घेतलं तर हुडहुडीचा बराचसा भाग झोपेत जातो. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून.

रक्ततपासणी मात्र चुकवायची नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ७५० च्या खाली गेले की डोस कमी, ५०० च्या खाली बंद. प्लेटलेट ५०,००० च्या खाली डोस कमी, २५,००० च्या खाली बंद. थायरॉइड बिघडू शकतं आणि कधीकधी औषध थांबल्यावरही तसंच राहतं. सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

आणि कुणाला द्यायचंच नाही ते : सिऱ्हॉसिस पुढे जाऊन पोटात पाणी किंवा कावीळ झालेली असेल तर, ऑटोइम्यून हिपॅटायटिस असेल तर, गरोदरपणात, आणि पूर्वी तीव्र नैराश्य येऊन गेलं असेल तर. हे शेवटचं लोक लपवतात. उंबरठा, भावाला एकट्याला गाठून विचारा.

रच्याकने, घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का? विशेषतः आईची. प्रौढपणी बीची लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षा कमी लोकांत ती क्रॉनिक होते, पण जन्माच्या वेळी झाली तर नव्वदांत. भावाला कधी काही झालंच नाही म्हणताय, त्यावरून मला तीच शंका येतेय.

शंकासुर
आकडे कुणी देईल का? सांजवातताईंच्या घरी गुण आला, खेळाडूंना नाही आला. भावाला येईल याची शक्यता किती?

रेणूसूत्र
ई-अँटिजेन पॉझिटिव्ह लोकांत पेगच्या ४८ आठवड्यांनंतर साधारण ३० टक्के लोकांचं ई-अँटिजेन जाऊन अँटिबॉडी येते. पृष्ठ-अँटिजेनही जाणारे, म्हणजे ज्याला खरोखर सुटका म्हणता येईल असे, पहिल्या काही महिन्यांत शंभरात तीन-चार.

टेनोफोव्हिरच्या गोळीने पहिल्या वर्षात ई-अँटिजेनचं तेच काम साधारण २० टक्क्यांत होतं. पण व्हायरल लोड दिसेनासा होण्याचं प्रमाण गोळीने ७५ टक्क्यांच्या आसपास, तर इंटरफेरॉननंतर सहा महिन्यांनी १४. तेव्हा भावाचं 'एक वर्ष सोसून मोकळा' हे तिघांपैकी एकाच्या बाबतीत अर्धंमुर्धं खरं ठरतं. उरलेले दोघं वर्षभर सोसून शेवटी गोळीवरच येतात.

त्या एकात आपण असू का, याचा थोडा अंदाज बांधता येतो. जीनोटाइप ए ला सर्वांत चांगला गुण, बी त्याच्या मागोमाग, सी आणि डी ला कमी. एसजीपीटी चढलेलं असेल तर बरं, कारण शरीर आधीच लढायच्या तयारीत आहे. व्हायरल लोड फार नसेल तर बरं. आणि सुरू केल्यावरही १२व्या आठवड्याला पृष्ठ-अँटिजेनचं प्रमाण मोजतात. ए किंवा डी मध्ये ते जराही उतरलं नसेल, किंवा बी-सी मध्ये २०,००० च्या वर असेल, तर पुढे रेटण्यात अर्थ नाही, तिथेच थांबतात. म्हणजे पूर्ण वर्ष पणाला लागतंच असं नाही. (इथे ए-बी-सी ही जीनोटाइपची नावं, हिपॅटायटिसची नव्हेत. ज्याने ही अक्षरं वाटली त्याला भेटायचंय मला.)

वाचनमात्र
बीचा सी आणि सीचा एक. कुणीतरी बाराखडी वापरायला हवी होती.

तिसरी घंटा
मी उशिरा येतेय. डेल्टाचं कुणी बोललंच नाही. हिपॅटायटिस डी हा बीच्या खांद्यावर बसून येणारा विषाणू, बी नसेल तर याला अस्तित्व नाही. १९७७ मध्ये इटलीत तुरीनला मारिओ रिझेत्तोंनी शोधला. मला दोन्ही आहेत. याच्यावर बीच्या गोळ्या अजिबात चालत नाहीत. कित्येक वर्षं इंटरफेरॉन हेच एकमेव शस्त्र होतं, आणि तेही चौघांत एकाला लागू पडायचं, त्यातही काहींचा व्हायरस नंतर परत यायचा. माझा आला.

२०२० मध्ये युरोपात बुलेव्हिर्टाइड आलं. लिव्हरच्या पेशीत शिरायला बी आणि डी जे दार वापरतात, त्या दाराच्या कुलपात ते किल्लीसारखं अडकून बसतं. रोज एक इंजेक्शन. आणि २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासाने मजाच केली : १० मिलिग्रॅम बुलेव्हिर्टाइड एकटं दिलं तर उपचार थांबल्यावर २४ आठवड्यांनी व्हायरस नसणारे १२ टक्के, आणि त्याला पेग इंटरफेरॉनची जोड दिली तर ४६ टक्के. म्हणजे ज्याला तुम्ही म्हातारं ठरवलंत तेच नव्या पोराला हात देतंय.

उंबरठा, भावाची अँटी-एचडीव्ही, म्हणजे डेल्टाची, तपासणी झालीय का? बी असलेल्या प्रत्येकाची एकदा व्हायला हवी. तिचं उत्तर हो आलं तर सगळं गणित बदलतं.

जुना खेळाडू
मी पण एक भर घालतो. सीच्या गोळ्या घेण्याआधी माझी बीची तपासणी झाली होती, कारण दोन्ही असतील तर सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. तेव्हा मला वाटलं होतं उगाच रक्त काढतायत.

उंबरठा
उशीर झाला, माफ करा. सगळे प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवले. लुडबुडीनवर हसला, सांजवातताईंच्या किल्लीवर गप्प झाला.

मग मी सुईदोरांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी त्याची परीक्षा बुडाली होती, घरी आम्हाला टायफॉइड सांगितलं होतं. टायफॉइड नव्हता. होस्टेलवरच्या मित्राने त्याला डॉक्टरकडे नेलं होतं आणि आठ महिने गोळ्या चालू होत्या. मी सख्खी बहीण, मला दहा वर्षांनी कळतंय. लिव्हरच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं तेव्हा बाबा शेजारी बसले होते, म्हणून हा "नाही" म्हणाला.

परवा आम्ही दोघंच गेलो. जीनोटाइप डी आलाय. डेल्टा निगेटिव्ह (तिसरी घंटा, ही तपासणी तुमच्यामुळे झाली). त्याने नैराश्याचं सांगितल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, मग आपण गोळीच सुरू करू. इंटरफेरॉनचं दार कायमचं बंद का, तर तसंही म्हणाले नाहीत. गोळीने पृष्ठ-अँटिजेन बरंच खाली आलं तर पुढे ते जोडून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत, तेव्हाचं तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञांना विचारून. टेनोफोव्हिर कालपासून सुरू.

आणि सुईदोरा, तुमची शंका खरी निघाली. आई पॉझिटिव्ह आहे. एसजीपीटी नॉर्मल, लोड अगदी कमी, औषधाची गरज नाही, फक्त लक्ष ठेवायचं. मी आणि बाबा निगेटिव्ह. आईने रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे हे त्याला माझ्याकडून गेलं?" मला काही सुचेना. भाऊच म्हणाला, "नाक पण तुझ्याकडूनच आलंय, त्याचं काय करू?"

सुईदोरा
आईंना सांगा, त्या काळात त्यांची तपासणी कुणी केली नव्हती, त्यांना कळणार कसं? तुमची आणि बाबांची अँटिबॉडी नसेल तर लस घेऊन टाका. आज, महिन्याने, सहा महिन्यांनी.

सांजवात
उंबरठा, वही तरीही घाला. गोळीने मूड बिघडत नाही, पण टायफॉइड म्हणून सांगणाऱ्या माणसासाठी घाला.

उंबरठा
घातली. चिडचिडीचा रकाना तो माझ्यासाठी भरतोय. काल दहापैकी सात दिलेत.

वाचनमात्र
टंकाळा सोडून लिहितो. मला बी आहे, चार वर्षं झाली. तपासणी अर्धवट सोडली होती. सोमवारची वेळ घेतलीय.